भिंतीला लावलेला हात

जालन्याच्या एमआयडीसीत बद्रीशेठची कंपनी आहे. कारखान्यांना बॉयलर बसवून देणं हा तिचा धंदा. या कंपनीत शिवकन्याबाईंनी बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय, असं टेंभुर्णीला त्यांच्या आईनं, द्वारकाबाईंनी, एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "लग्नघरात जे मानूस सगळ्यायवर वरडत फिरतं आन् जेवतं सगळ्यात शेवटी, ते मी."

बॉयलर नुसता लोखंडाचा नसतो. त्याच्या पोटात विटांची भट्टी बांधावी लागते, आणि ती बांधून झाली की आठवडाभर मंद जाळावर शेकावी लागते. ओल आत राहिली आणि वरून मोठा जाळ घातला, तर भिंत उभी तडकते. शिवकन्याबाई भिंतीला तळहात लावायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "अजून दोन दिवस." त्यांचं गणित चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

पण या हाताला ऑफिसात काडीची किंमत नव्हती. किंमत होती इंग्रजी अहवालाला, आणि बाईंना इंग्रजी लिहिता येत नसे. मग काम बाईंचं, अहवाल दुसऱ्या कुणाचा, आणि गिऱ्हाइकासमोर कोट घालून बसणारा तिसराच. बाई बाहेर चहाचं बघायच्या. हा अन्याय होता आणि तो वर्षानुवर्षं "बाई, तुमच्याशिवाय आमचं पान हलत न्हाई" असं गोड बोलून केला जात होता. मी त्याच ऑफिसात हिशेबाला आहे, मला अजून त्याचा राग येतो. बाईंना येत नसे, याचा तर जास्तच येतो.

मग बद्रीशेठ कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात एआय संचारलं. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "दोन मानसांचं काम मशीन करून राह्यलं. दिवाळीनंतर एकच मॅनेजर. ज्याला हे बराबर येतं तो राहील, दुसऱ्यानं स्टोअर पाहावं."

दोन माणसं म्हणजे एक शिवकन्याबाई आणि दुसरी अर्पिता. अर्पिता सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर. चहा निवायच्या आत एआयकडून अख्ख्या प्रोजेक्टचं वेळापत्रक काढून दाखवायची. स्टोअर म्हणजे नटबोल्ट मोजत बसणं, आणि तिथं कोण जाणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवकन्याबाईंनी केलं काय, तर सरळ अर्पिताच्याच टेबलाशी खुर्ची ओढली. "पोरी, मला शिकव. मी तुला साईट शिकवते."

अर्पिता हसली. "ताई, शिकण्यासारखं काही नाहीये. तुम्ही आमच्याशी बोलता तसंच त्याच्याशी बोलायचं."

बाई बोलू लागल्या. परतूरच्या अलीकडे गूळ पावडरचा नवा कारखाना उभा राहत होता, तिथं जाता-येता जीपमध्ये फोन तोंडाशी धरून बोलायच्या. सुरुवातीला एआय त्यांना सरकारी परिपत्रकासारखं मराठी ऐकवायचं. बाईंनी त्याला झापलं. "नीट बोल. मी काय मंत्री हाये?" मग बावीस वर्षांत डोक्यात साठवलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. पोळ्याला गावी गेलेले फिटर तिसऱ्या दिवसाशिवाय येत नाहीत. रमजानमध्ये वेल्डिंग सकाळी लवकर उरकायचं. पाऊस झाला की काळ्या रानातल्या रस्त्यावर ट्रेलर फसतो, म्हणून जड माल आधी आणायचा. ते सगळं पोटात घेऊन एआयनं जे इंग्रजी वेळापत्रक काढलं, ते पाहून गिऱ्हाइकाचे मुंबईचे सल्लागार गार झाले. इतका जमिनीवरचा आराखडा आपण पाहिला नाही, असं त्यांनी लिहून पाठवलं. बाईंनी त्या पत्राची छापील प्रत काढली आणि पर्समध्ये ठेवली. पुढच्या बैठकीला बद्रीशेठनं त्यांना आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणीतरी आणला.

अर्पितानं मनापासून टाळ्या वाजवल्या. बाई हवेत होत्या, आणि त्यांनी असावंच. बावीस वर्षांनी मिळालं होतं.

घोळ झाला तो त्यानंतर. आता रोजचा अहवाल आपोआप तयार व्हायचा. साईटवरचा सुपरवायझर भुजंग फोनमधल्या यादीवर खुणा करायचा, त्यावरून एआय सुबक इंग्रजीत मजकूर लिहायचं, बाई तो मराठीत करून घेऊन वाचायच्या आणि पाठवायच्या. आठवड्यातून तीनदा परतूरला जाणाऱ्या बाई एकदा जाऊ लागल्या, मग तेही राहिलं. अहवालात सगळं हिरवंगार, म्हणजे वेळेवर झालेलं दिसत होतं.

बॉयलरच्या धंद्यात आपल्याकडे एक रीत आहे. नव्या भट्टीत पूजेआधी कुणी विस्तव घालत नाही. पूजा ठरते दसऱ्याला, पाहुण्यांसमोर, मोठ्या थाटात. पण भट्टी तर त्याआधीच शेकावी लागते. यावर शिवकन्याबाईंनी पूर्वीच तोड काढली होती. दसऱ्याच्या नऊ दिवस आधी, घटस्थापनेला, त्या स्वतः जायच्या, मालकाच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सोबत घ्यायच्या, हळदकुंकू वाहून तिच्या हातून एक पेटती गोवरी भट्टीत ठेवायच्या. मग वीटकाम करणारे अबुबकरचाचा तो विस्तव मंद ठेवत आठवडाभर भट्टी शेकायचे. हे कुठल्याच कागदावर कधी नव्हतं. बाईंना ते काम वाटायचंच नाही, ते घरच्यासारखं होतं. म्हणून एआयला भट्टी शेकायचे दिवस सांगितले, पण ही गोवरी तेवढी सांगायची राहिली; आणि अहवालात भट्टी शेकतेय असं दिसल्यावर बाईंच्याही ध्यानातून ती गेली.

दसऱ्याला चार दिवस होते. पूजेची मांडणी पाहायला म्हणून बाई अर्पिताला घेऊन परतूरकडे गेल्या. मांडव घातला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. बाई सवयीनं भट्टीपाशी गेल्या आणि भिंतीला तळहात लावला.

भिंत थंडगार होती. हाताला ओल लागली.

"चाचा, भट्टी शेकली न्हाई?"

अबुबकरचाचा उठून उभे राहिले. "बेटी, तूच आली न्हाई. मंग पूजा झाल्याबिगर म्या इस्तू कसा लावू? म्हनलं येशील, म्हनलं येशील."

"भुजंग, तू तर सहा दिवस खुना करून राह्यला!"

भुजंगचा चेहरा पडला. "ताई, खुना केल्याबिगर पुढचं पान उघडतच न्हवतं. मला वाटलं, पूजेनंतर शेकायची असंल." मग हळूच म्हणाला, "माझ्यावर ढकला ना. खुना म्याच केल्त्या."

पाहुण्यांसमोर लाकडांचा मोठा जाळ करायचं ठरलेलं होतं. तसा केला असता तर भिंत तडकली असती आणि कारखान्याचा पहिलाच हंगाम बुडाला असता. जाळ थांबवायचा तर आपलाच अहवाल खोटा होता हे सल्लागारांना आणि बद्रीशेठला सांगावं लागणार होतं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

बाई बाहेर येऊन मांडवातल्या खुर्चीवर बसल्या आणि एआयला म्हणाल्या, काय झालं ते लिही. त्यानं झटक्यात लिहिलं. अर्पितानं मराठीत वाचून दाखवलं: "अहवाल प्रक्रियेतील विसंगतीमुळे भट्टी शेकण्याच्या टप्प्याची स्थिती अचूक नोंदवली गेली नाही."

"छान लिहिलंय ताई," अर्पिता म्हणाली. "कुणाचंच नाव नाही. कुणी काही विचारणारही नाही."

बाईंनी फोन मांडीवर घेतला. त्यांना ते वाक्य पाठवावंसं वाटलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. इतकं वाटलं की बोट बटणापर्यंत गेल्तं, म्हणाल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"खोड ते. लिही. भट्टी शेकली न्हाई. मी शेकली म्हणून लिहून दिलं. मी तिथं गेले न्हाई, भिंतीला हात लावला न्हाई. चूक माझी हाये. भुजंगचं नाव टाकू नको. दसऱ्याला पूजा होईल, पण जाळ पाच गोवऱ्यांचाच होईल. तोच इस्तू आठ दिवस मंद ठेवून भट्टी शेकू. कारखाना आठ दिवस उशिरा सुरू होईल. खाली माझं नाव लिही."

पत्र गेलं. सल्लागारांचं उत्तर दसऱ्यापर्यंत आलं नाही. बद्रीशेठनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. बाईंनी पर्समधलं ते कौतुकाचं पत्र काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि स्टोअरच्या किल्ल्या कुणाकडे असतात याची चौकशी केली.

दसऱ्याला मालक-मालकिणीनं जोडीनं पूजा केली. भट्टीत इवलासा जाळ झाला. "एवढासाच का?" म्हणून पाहुणे कुजबुजले. पुढचे आठ दिवस चाचा भट्टीपाशीच राहिले आणि बाई रोज येऊन भिंतीला हात लावत राहिल्या. नवव्या दिवशी मोठा जाळ चढला. भिंतीला केसाएवढीही चीर गेली नाही.

दिवाळीनंतर बद्रीशेठनं दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात सल्लागारांचं उत्तर होतं. पुढचे तीन बॉयलर याच कंपनीला, पण पत्र लिहिणाऱ्या बाईच हव्यात, असं त्यात होतं.

"कागद आता कुनीबी चांगला करतंय," शेठ म्हणाले. "दिलेला कागद परत घेनारं मानूस मला कुठं भेटनार? खुर्ची तुमची, बाई."

अर्पितानं खाली पाहिलं. बाई म्हणाल्या, "तीन कामं हायेत, शेठ. मी एकटी तीन भिंतींला हात कसा लावू? ही पोरगी स्टोअरला गेली, तर मीबी जाते."

शेठनं कपाळाला हात लावला आणि होकारार्थी मान डोलावली.

आता एआय कंपनीचा जो अहवाल काढतं, त्यात शेवटी एक जास्तीचा रकाना असतो. तो भरल्याशिवाय अहवाल पुढं जात नाही. "हात कोणी लावला?" असं त्याच्यावर लिहिलंय आणि खाली नाव टाकावं लागतं. परवा अंबडच्या कामाचा अहवाल पाहिला. त्या रकान्यात अर्पिताचं नाव होतं.