पाजणीचा रविवार

बारावीच्या मार्कांवर माझा मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला होता. शेजारच्या जिल्ह्यातलं एक मेडिकल कॉलेज मात्र स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा घ्यायचं. डॉक्टर व्हायला मला तेवढा एकच रस्ता उरला होता.

आम्ही विणकर. बाबा मागावर, आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिच्याजवळ बसून मोठ्यानं प्रश्न वाचायची. एक प्रश्न, चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण. आईला अक्षरओळख नव्हती, तरी चरखा न थांबवता ती ठोकून द्यायची, "तिसरं!"

"काहून वं?"

"लांबलचक आहे ना! खोटं बोलणारा कायले एवढं सांगत बसन?"

आणि मेलं ते कधीकधी बरोबर निघायचं! आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो.

परीक्षा रविवारी सकाळी होती. आईनं माझ्यादेखत बाबांना बजावलं होतं, "त्या दिवशी पाजणी नाही लावाची, सांगून ठेवतो." पाजणी म्हणजे ताण्याचं, कापडाच्या उभ्या धाग्यांचं, सूत गल्लीभर ताणून त्याला खळ चढवायची. एकदा खळ लागली की सूत वाळेपर्यंत घरातल्या कुणाला हलता येत नाही. धागे चिकटले की सगळा ताणा वाया. आणि तुटलेले धागे सांधायला माझ्यासारखी बोटं घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

रविवारी खळीच्या वासानंच जाग आली. बाहेर येऊन पाहते तर काय, गल्लीत ताणा ताणलेला, शेजारी मदतीला आलेले आणि बाबा खाली मान घालून कुंचा मारून राहिले होते.

"बाबा, आज माझा पेपर आहे!" मी किंचाळले. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

आई म्हणाली, "आता काय करतं वं? खळ लागली. धर ते टोक."

मी धरलं. आजही स्वतःचाच राग येतो, लाथ मारून निघून का नाही गेले! पण ओला ताणा टाकून आमच्यात कुणी जात नाही. रडत रडत धागे सांधत राहिले. सूत वाळलं तोवर पेपर सुटला होता.

त्यानंतर बाबांशी मी धड बोलले नाही. लग्न झालं, मुलं झाली. माहेरी आले की आईला चिकटून बसायची. बाबांना चहा द्यायची, पण पेला समोर आदळून. ते निमूट प्यायचे.

बाबा गेले. तेरवी झाल्यावर आई गहू निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "मला रडूसुद्धा येत नाही गं. त्यांनी दगा दिला मला."

"त्याईनं नाही," आई म्हणाली. "मीच लावाले सांगतली पाजणी. ते तर नाहीच म्हणत होते."

मी विचारलं, "काहून?"

"तू पास झाली असती. मंग वापस आली असती का घरी?"

"आणि बाबा गप्प बसले?"

"मीच म्हटलं, चूप राहा. राग तुमच्यावर राहू द्या. पोरगी माह्याशी बोलाची बंद झाली तर मी कोणाशी बोलू?"

तिचे हात सुपात चालूच होते.

"मी पेला कसा आदळायची, ते तू पाहत होतीस?"

"पाहत होती," आई म्हणाली.