चौथ्या मजल्याचं प्रेशर

“हात धरा, हात धरा! प्रेशर बघा!” चहा विचारायच्या आधी साहेब पाहुण्याला बाथरूममध्ये नेत आणि त्याचा हात शॉवरखाली धरायला लावत. पाहुण्याची बाही भिजली की यांना धन्य वाटे.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, ऐंशीच्या दशकात, चौथ्या मजल्यावरचे दोन ब्लॉक एक करून हे राहत. आम्ही बादली-तांब्यावर अंघोळी उरकणारी माणसं. यांच्याकडे तीन बाथरूम आणि तिन्हींत शॉवर! गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी तासभर सुटे, सगळ्या मजल्यांना एकाच पाइपातून. साहेबांनी त्या पाइपाला आपल्या घरात पंप जोडला. तो घुरघुरला की खालच्या नळांची धार करंगळीएवढी होई. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच, त्यामुळे तक्रार करायची ती त्यांच्याकडेच.

एवढं करूनही तिन्ही शॉवर एकदम चालत नसत. मग साहेब पंचा गुंडाळून पॅसेजमध्ये उभे राहत आणि ओरडत, “थोरले, अर्धा फेरा बंद! धाकटे, आता तू उघड! अगं, तू साबण लाव तोवर!” हे सगळं डक्टमधून इमारतभर ऐकू येई. बायकोपोरींना धड अंघोळ करू न देणारा हा माणूस स्वतःला इंजिनिअर समजे. होता हेडक्लार्क.

तळमजल्यावर सावंतवहिनी राहत. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा झालेल्या. डॉक्टरांनी रोज स्वच्छ अंघोळ घालायला सांगितलं होतं. वहिनी एकदा वर गेल्या.

“साहेब, सकाळी अर्धा तास पंप बंद ठेवा ना. आजींना साबण लावते आणि पाणीच जातं.”

“मग तुम्हीपण पंप बसवा! मी कुणाला अडवलंय?”

वर वहिनींनाही हात धरायला लावून प्रेशर दाखवलं. मला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे थोरलीची हळद आली. घरभर पाहुणे. “आज कुणी बंद करायचं नाही!” असं फर्मान सोडून साहेबांनी तिन्ही शॉवर उघडले. टाकी संपली, पंप कोरडा फिरत राहिला आणि जळला. नवरी हळदीने माखलेली, आणि साहेब दोन बादल्या घेऊन दारोदार! आमच्याकडे आले तेव्हा मी “पाणी नाही” म्हटलं. मागे पिंप भरलेलं होतं. मला जराही लाज वाटली नाही.

सावंतवहिनींकडे दोनच बादल्या होत्या, आजींच्या अंघोळीच्या. आतून आजींचा आवाज आला, “दी गो तेका. चेडवाच्या आंगार हळद हा.”

साहेब पोरीसाठी दोन्ही बादल्या घेऊन गेले. आजींचं अंग वहिनींनी ओल्या फडक्याने पुसलं.

आठवडाभरात साहेबांनी जास्त ताकदीचा पंप आणला. “आता तिन्ही एकदम!” असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

काही महिन्यांनी एका पहाटे आजी गेल्या. आम्ही सगळे खाली जमलो. साहेबही आले, हात जोडले, आणि वहिनींजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “आज पंप बंद ठेवलाय हं.”

बायकांनी आजींना अंघोळ घातली. साबण लावून झाला, तरी पाणी गेलं नाही.