धामण जेवेना

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी पुन्हा एक मेलेला उंदीर कोमट पाण्यात धरला, फडक्यानं टिपला आणि लांब चिमट्यानं धामणीच्या तोंडापुढं नेला. तिनं दोनदा जीभ बाहेर काढली, मग मान वळवून गोणपाटाखाली घातली. मला इतका संताप आला की उंदरासकट चिमटा मी पडवीच्या भिंतीवर भिरकावला.

"खा की गं बाई," असं मी म्हणाले ते जवळजवळ रडतच. पडवीच्या दुसऱ्या टोकाला आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लसणात डोकं घातलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

आमचं गाव नसरापुरातून वेल्ह्याकडं जाताना लागतं. गेली दहा वर्षं मी साप पकडते. शिवऱ्यापासून भोंगवलीपर्यंत कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोक्यात साप निघाला की मला फोन येतो. मी स्कूटीवर जाते, साप बरणीत घालते, वनखात्याच्या गार्डना कळवते आणि रानात सोडते. आणि जाता जाता लोकांना झापते. हा माझा स्वभावच. शिवऱ्यात एका माणसानं शेण काढायच्या फावड्यानं धामण मारली होती, तेव्हा मी त्याला त्याच्या पोरांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर काय काय बोलले! 'हात झडले नाहीत तुमचे?' इथपर्यंत बोलले. तो बिचारा मान खाली घालून उभा होता. गार्ड मला शाळांमधनं बोलायलाही नेतात. सापाला मारू नका, शेताचा तो राखणदार आहे, वगैरे मी तिथं घसा ताणून सांगते.

ही धामण मला रस्त्यावर सापडली, कुणीतरी गाडी घातली असावी, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. गार्डना, डॉक्टरांना, नवऱ्यालासुद्धा. ते खोटं होतं. तिला मी कापलं होतं.

ओढ्याकडच्या खाचरातलं भात मी त्या दिवशी कटर मशीननं एकटीच कापत होते. नवरा वरव्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, आत्यांचे गुडघे धरलेले. आत्यांची कापायची एक रीत आहे. वरच्या बांधाला सुरुवात करायची आणि सरळ रेघेत ओढ्याकडं जायचं. भातात जे काही दडलेलं असतं, उंदीर, लावऱ्या, साप, ते पुढं पुढं सरकत ओढ्याच्या झुडपात निघून जातं. विळ्यानं कापत होतो तोवर आम्ही तसंच करायचो. पण मशीन घेऊन दर रेघेला मागं यायचं म्हणजे खांदा भरून येतो. म्हणून मी बांधाच्या कडेकडेनं गोल फेऱ्या मारत आत आत गेले. चारी बाजूंनी रान मोकळं झालं आणि मधे एका खोलीएवढं भात उभं राहिलं. त्यात काय कोंडलं असेल, हे जगाला शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. मशीनचा आवाज एकदम जड झाला. मी बंद केलं तेव्हा सहा फुटांची ती धामण पेंढ्यांत पिळवटत होती, आणि तिच्या कुशीला वीतभर जखम होती.

तिला ओढणीत गुंडाळून पोत्यात घातलं आणि भोरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नऊ टाके घातले. "गाडीनं इतकं सरळ कापलं?" त्यांनी विचारलं. "खालचा पत्रा लागला असेल," मी म्हणाले. खोटं किती पटकन सुचतं! आत काही फाटलं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, "ताई, टाके माझं काम, पुढचं तिचं. थंडी पडायच्या आत एकदा तरी ती जेवली पाहिजे. थंडीत साप खात नाहीत. अंगात काही नसताना थंडीला सापडली तर जायची." नळीनं घशात घालता येईल का, असं मी विचारलं. "तिला धरलं की ती पिळवटणार, टाके उसवणार. तो अगदी शेवटचा उपाय."

तिला माझ्याकडं ठेवायला गार्डनी वरून परवानगी आणली, तीन आठवड्यांची. तेवढ्यात जेवली नाही तर एकविसाव्या दिवशी सकाळी ते तिला पुण्याला घेऊन जाणार होते. एवढ्या हलाखीत ती गाडीचे धक्के सोसेल का, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

मोठ्या प्लॅस्टिकच्या पेटीला भोकं पाडून, आत गोणपाट टाकून, वर बल्ब लावून मी तिला पडवीत ठेवलं. टीव्ही बंद केला. मिक्सर बंद केला. हळदीकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन आलेल्या दोघींना दारातनंच परत पाठवलं. त्यावरून भांडण झालं ते झालंच. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणणारीलाही सोडलं नाही. लहान उंदीर दिला, मोठा दिला, सकाळी दिला, दुपारी दिला, आत ठेवून दिवसभर लांब राहिले. दरवेळी तेच. दोनदा जीभ, आणि मान खाली. तिच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला. पहाटे अंगणातल्या बादलीतलं पाणी हाताला झोंबायला लागलं तशी मला भाकरी गोड लागेना.

आत्या तेवढ्या काही बोलत नव्हत्या. त्यांना सापाची मुळातच भीती. धामणीचं शेपूट लागलं की तो हात वाळतो, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. मी बरणी घेऊन घरी आले की त्या पदर तोंडाला लावून पार चुलीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. आता दिवसभर पडवीत बसायच्या, पण पेटीपासून चार हात लांब, गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधून. सुगीत आमचं सगळं घरच निरगुडीनं दरवळतं. किडामुंगी लागू नये म्हणून भाताच्या कणगीतही तोच पाला घालतात. त्या वासाचं मला काही वाटेनासं झालं होतं.

विसाव्या दिवशी मी शेवटचा प्रयत्न म्हणून बेडूक शोधायला ओढ्यावर गेले. धामणीला बेडूक फार आवडतो. दुपार होईल असं वाटलं होतं, पण अर्ध्या तासात एक मिळाला, अंगठ्याएवढा. तो डब्यात घालून मी घरी परतले आणि अंगणातच थबकले.

पेटीचं झाकण जमिनीवर होतं. आत्या पेटीशी फतकल मारून बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता.

ओरडावं तर धामण बिचकणार. धावावं तर पावलांचा हादरा तिला कळणार. मी जागच्या जागी उभी राहिले. धामणीनं डोकं उचललं होतं, आत्यांच्या बांगड्यांपासून वीतभर अंतरावर. धामणीला विष नसतं, हे मला ठाऊक होतं. आत्यांना ते कधीच पटलेलं नव्हतं. त्यांच्या मते त्यांनी हात मरणातच घातला होता. त्या पुटपुटत होत्या, "गप, माझे बाय. झालंच आता. झालंच."

त्यांनी हात सावकाश बाहेर काढला. मी चार ढांगांत पोचले, झाकण लावलं आणि मग माझा तोल सुटला.

"आत्या, डोकं फिरलंय का तुमचं? टाके उसवले असते म्हंजी? आणि चावली असती तर?"

त्यांच्या मुठीत हिरवा चेचलेला पाला होता. त्यांनी मूठ उघडून मला दाखवली. "निरगुडी हाय. सूज उतरती हिच्यानं. गोणपाटाखाली घालती, आदल्या दिसाचा काढून घेती. जखमेला हात लावत न्हाई म्या."

"कधीपासनं?"

"पयल्या दिसापासनं. तू रानात गेलीस की."

"रोज? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटती की. लई वाटती. घालून झालं की घटकाभर पाय चालत न्हाईत माजं."

"मग कशापायी, आत्या?"

त्यांनी मूठ पुन्हा मिटली. मग हळूच म्हणाल्या, "मशीनच्या पात्याला रगत व्हतं. कुणी बगायच्या आदी म्या धुतलं."

मी तिथंच खाली बसले. म्हणजे वीस दिवस त्यांना सगळं माहीत होतं. मी नवऱ्यासमोर गाडीवाल्याला शिव्या घालत होते, शेजारणींना उपदेश करत होते, आणि त्या लसूण सोलत ऐकत होत्या. "कुणी इचारलं तर म्या बी गाडीच सांगितली," त्या म्हणाल्या. लाजेनं मला वर बघवेना.

डोकं ताळ्यावर यायला थोडा वेळ गेला आणि मग माझ्या ध्यानात आलं. साप भक्ष्य ओळखतो ते जिभेनं, वासावर. किडा-मुंगी फिरकू नये म्हणून आम्ही जो पाला कणगीत घालतो, तोच बंद पेटीत तिच्या अंगाखाली होता, रोज ताजा, चेचलेला. मी उंदीर पुढं करायचे आणि तिला निरगुडीशिवाय कशाचाच वास येत नसणार. मी ते आत्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडातनं गेलं.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच उपाशी ठिवली तिला?"

"नाही, आत्या," मी म्हणाले. "मी कापली नसती तर ती या पेटीत आलीच नसती."

पाल्यामुळंच ती खात नव्हती का, हे मला तरी कुठं नक्की ठाऊक होतं? पण हातात एकच दिवस होता. मी धामणीला न धरता उशीच्या खोळीत आपली आपण सरकू दिलं. खोळीचं तोंड धरायला कुणी नव्हतं. आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी ते दोन्ही मुठींत धरलं, डोळे गच्च मिटून. मी पेटी नुसत्या गरम पाण्यानं तीनदा धुतली, उन्हात वाळवली, गोणपाट फेकून दिलं आणि त्याच खाचरातला नवा पेंढा आत पसरला. बेडूक एवढासा, त्यानं तिचं काय होणार? म्हणून त्याची ओली पाठ उंदराला सगळीकडून घासली आणि त्याला पुन्हा ओढ्यात सोडून आले. उंदीर पेंढ्याच्या तोंडाशी ठेवला. झाकणावर आत्यांनी आपलं जुनं लुगडं पांघरलं. आता उद्या गार्ड येईपर्यंत कुणीही उघडायचं नाही, असं ठरलं. आत्यांनी गुडघ्यांचा पाला सोडून उकिरड्यावर टाकला आणि हात राखेनं घासले.

सकाळी नऊला गार्ड जीप घेऊन आले. बरोबर रिकामी पेटी होती. "काय ताई, जेवली का?"

"बघितलं नाही अजून," मी म्हणाले. "उघडायच्या आधी एक सांगायचंय."

आधीच सांगायला हवं होतं. तिनं खाल्लेलं दिसल्यावर सांगितलं असतं तर तो फुकटचा मोठेपणा झाला असता. आणि खाल्लेलं नसतं तर रडण्यातच वेळ गेला असता आणि सांगायचं राहून गेलं असतं. मी सांगितलं. मशीन, गोल फेऱ्या, मधला तुकडा, पत्र्याची थाप, सगळं. नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता, तोही ऐकत होता. त्यानं कप खाली ठेवला.

गार्डनी टोपी काढून कपाळ पुसलं. "कागदावर रस्ता लिवलाय म्या. ते बदलावं लागंल," ते म्हणाले. आणि मग, "शिवऱ्याच्या त्या माणसाला काय बोलला व्हता तुमी, आठवतंय?"

"आठवतंय. त्याच्या दारात जाऊन सांगणार आहे."

"बरं. उघडा आता."

मी लुगडं काढलं, झाकण उचललं. उंदीर ठेवला होता तिथं नव्हता. पण कुठं आत लोटला गेला असेल, म्हणून मी एकेक काडी बाजूला करत गेले. पेंढ्याखाली धामण सैल पडली होती. तिच्या मानेखाली हातभर अंतरावर, टाक्यांच्या बरंच अलीकडं, मुठीएवढा फुगवटा होता. मी उरलेला सगळा पेंढा चाचपला. उंदीर कुठंच नव्हता. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

गार्डनी वाकून बघितलं. "मग आज नेत न्हाई हिला," ते म्हणाले आणि रिकामी पेटी उचलून जीपकडं गेले.

आत्या चुलीपाशी गेल्या नव्हत्या. त्या माझ्या खांद्याला धरून पेटीत बघत होत्या.

"शिवऱ्याला कंदी जायाचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कशाला, आत्या? स्कूटीवर गुडघे दुखतील."

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "पातं म्या धुतलंया."