आमच्या ह्यांचा धर्मादाय नंबर

दुबईत तुझा पगार किती असं कुणी कुणाला तोंडावर विचारत नाही. गरजच पडत नाही. सिग्नलला पुढची गाडी थांबली की तिच्या नंबर प्लेटवर आकडे किती ते बघायचं. पाच असले तर माणूस आपल्यातलाच. चार असले तर त्याचं बरं चाललंय. तीन असले तर त्याला हॉर्न द्यायचा नाही, आणि त्याहून कमी असले तर मुकाट्याने लेन सोडायची. आमचे हे ही विद्या कोळून प्यायलेत. मी शेजारी बसून गॅस बंद केला की नाही याच्या काळजीत असते, आणि हे एकदम ओरडतात, "अगं, बघ बघ, सगळे सातच सात!" मागून लेक म्हणते, "पप्पा, नोबडी केअर्स." मुलगी इथेच वाढली, त्यामुळे बापाला खरं काय ते इंग्रजीत सांगते.

आमच्या गाडीला पाच आकडे होते आणि तेही कसेबसे एकत्र आलेले. बेरीज नऊ येत नाही म्हणून ह्यांना वर्षभर हळहळ. धंदा वाढत नाही, तो नंबरामुळे. ह्यांचा धंदा पंप आणि व्हॉल्व्हचा. जुमेरा लेक टॉवर्समध्ये काचेचं छोटं ऑफिस, अल कूझमध्ये गोडाऊन, आणि आम्ही राहायला अल मनखूलला जुन्या बिल्डिंगीत. ऑफिसात व्हॅटचं काम मी बघते, त्यामुळे धंदा का वाढत नाही हे मला नीट माहीत आहे. पण मला विचारतो कोण!

तर अशात माझा धाकटा भाऊ आमच्याकडे आला. तो फौजेत होता. सीमेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. फौजेने पुण्याला नवा पाय बसवून दिला, पेन्शन दिली, घरी पाठवला. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं. प्रत्येक झेंडावंदनाला स्टेजवर खुर्ची, शाल, नारळ. शाळेचं गॅदरिंग असो, पतसंस्थेचं उद्घाटन असो, याला आणून बसवायचं. काम मागायला गेला की लोक म्हणत, "तुम्ही कशाला? तुम्ही बसा!" फोनवर मला म्हणाला, "ताई, घरात शालींची चळत झालीय, नारळाच्या वड्या खाऊन आईची साखर वाढली. मला कुणीतरी कामाला लावा गं. बसून बसून मी मरेन." हसत म्हणाला, पण मी काही हसले नाही. मी त्याचा दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढला.

त्याचं मागणं तरी किती? दाजींच्या गोडाऊनला कुठलंही काम. माल उतरवून घेणं, मोजणं, गाडीत चढवणं. ह्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "बघू. इन्शाल्ला."

आता इथला अरब इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात त्याची श्रद्धा असते. आमचे हे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ, विषय बंद, खलास. एक आठवडा झाला, दोन झाले. मी रात्रीच्या जेवणात विषय काढला की ह्यांना नेमका कुणाचा तरी फोन यायचा. शेवटी एकदा किचनमध्ये गाठून विचारलं तर म्हणाले, "अगं, एचआरच्या दृष्टीने अवघड आहे." एचआर कोण? हेच! मी म्हटलं, सरळ सांगा. तेव्हा हळूच म्हणाले, "लंगडत चालतो गं तो. कस्टमर गोडाऊनला येतात. बरं दिसत नाही." माझ्या हातात लाटणं होतं आणि मी ते खाली ठेवलं, यातच काय ते समजा. भाऊ बाहेर हॉलमध्ये बसला होता. आमच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात लिलावाचं आमंत्रण आलं. एका मोठ्या हॉटेलात खास नंबर प्लेटींचा लिलाव, आणि येणारी सगळी रक्कम जखमी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना. कुठल्याशा बड्या कस्टमरने ह्यांना एका टेबलाचे पास दिले. मी विचारलं, "कुठले सैनिक?" तर म्हणाले, "सैनिक म्हणजे सैनिक. चांगलं काम आहे. नेटवर्किंग होतं." नवा सूट शिवायला टाकला. मीना बाजारला.

ह्यांचे दोन मित्र आहेत, एक फर्निचरवाला आणि एक ट्रॅव्हल एजंट. तिघे शुक्रवारी चहाला जमतात आणि जगाला शहाणं करतात. त्या तिघांनी मिळून एक युक्ती काढली होती. बोली लावताना वर करायची पाटी मिळवायला डिपॉझिटचा चेक द्यावा लागतो, तो द्यायचा. प्रत्येक नंबराची बोली खाली असताना, अगदी सुरुवातीलाच, पाटी वर करायची. कॅमेरा फिरतो, फोटो निघतो, माणूस सैनिकांसाठी बोली लावताना सगळ्यांना दिसतो. मग भाव चढायला लागला की पाटी मांडीवर ठेवून पाणी प्यायचं. "नाव पण होतं आणि एक दिरहम जात नाही," ह्यांनी मला समजावून सांगितलं. दानधर्मातसुद्धा फुकटची सोय शोधणारा माणूस मी नवरा म्हणून निवडला, हे माझं कर्तृत्व.

लेकीची परीक्षा होती, तिची खुर्ची रिकामी. मी म्हटलं, भाऊ येईल. ह्यांचा चेहरा पडला, पण नाही म्हणायला कारण सुचेना. निघताना भावाला एवढंच म्हणाले, "तू भिंतीकडच्या बाजूला बस हं, तिकडे एसी कमी लागतो." भावाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजींना माझ्या तब्येतीची फार काळजी."

हॉल म्हणजे काय विचारू नका. झुंबरं, काळे सूट, अरबांचे पायघोळ पांढरे कंदुरे, आणि स्टेजवर नंबर प्लेटी काचेच्या पेट्यांत मांडलेल्या, त्यावर फोकस. पत्र्याच्या पट्ट्या त्या! मोठे नंबर गेले तेव्हा जे आकडे पुकारले ते ऐकून मी रुपयात करायचं सोडून दिलं. मग आमच्यासारख्यांसाठी पाच आकड्यांचे नंबर आले. एक असा आला की ह्यांनी पटकन बोटांवर बेरीज केली. नऊ! सुरुवातच चाळीस हजार दिरहमला. फर्निचरवाल्याने पाटी वर केली, फोटो निघाला. मग ट्रॅव्हल एजंटाने केली, त्याचा निघाला. पंचेचाळीसला ह्यांनी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. आणि मग हॉल गप्प.

ह्यांनी फर्निचरवाल्याकडे बघितलं. तो पाणी पीत होता. ट्रॅव्हल एजंटाकडे बघितलं. तो टाय सारखा करत होता. तिघांनी मिळून केलेली युक्ती तिघेही तंतोतंत पाळत होते, आणि पुढे कुणी बोली लावायची हे कुणीच ठरवलं नव्हतं. लिलाववाला म्हणाला, एकदा. ह्यांच्या कपाळावर घाम. दोनदा. ह्यांनी टेबलाखालून माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच इतका घट्ट. ठक्क! हातोडा पडला, टाळ्या पडल्या. मी मनात गुणाकार केला आणि दहा लाखांच्या पुढे थांबले.

स्टेजवर बोलावलं. निवेदक मोठा गोड माणूस, त्याने इंग्रजीत विचारलं, याच कामासाठी पैसे द्यावेत असं तुम्हाला का वाटलं? ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नुकताच एक चेक गेलेला माणूस काय बोलणार? इकडेतिकडे बघितलं, आणि नजर भिंतीकडे गेली. आणि मग काय सांगू, ह्यांना वाचा फुटली! "बिकॉज माय ओन ब्रदर-इन-लॉ इज अ सोल्जर. ही लॉस्ट हिज लेग." आवाज कापरा वगैरे. फोकस फिरला, भिंतीपाशी माझा भाऊ डोळ्यांवर हात धरून बसलेला. लोक उभे राहिले. त्याला हाताला धरून स्टेजवर नेलं. निवेदकाने विचारलं, आता आपण काय करता? भाऊ काही बोलायच्या आत ह्यांनी माईक ओढला. "ही इज विथ मी. इन माय कंपनी."

टाळ्या सर्वांत जोरात कुणी वाजवल्या असतील तर मी.

परतताना भाऊ गाडीत मागे बसला होता. क्रीकवरचा पूल आला तेव्हा मी विचारलं, "सोमवारी याने किती वाजता यायचं?" हे म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "कंपनीत. तुम्ही सगळ्या दुबईला सांगितलंत." ह्यांनी आरशात मागे बघितलं, मग रस्त्याकडे. "नऊ," म्हणाले.

मला वाटलं, झालं. माझ्या भावाला काम मिळालं. मीच वेडी.

सोमवारी भाऊ जुनी पँट घालून गोडाऊनच्या तयारीने आला, तर ह्यांनी त्याला टाय दिला. ऑफिसच्या काचेच्या दारातच टेबल टाकलं होतं, वर नवीन पाटी, कम्युनिटी रिलेशन्स मॅनेजर. मागच्या भिंतीवर लिलावाचा फोटो, भावाच्या खांद्यावर ह्यांचा हात. ह्यांच्या टेबलावर त्या नंबर प्लेटची छोटी प्रतिकृती, काचेच्या स्टँडवर. काम काय? तर बसायचं. कस्टमर आला की हे केबिनमधून हाक मारायचे, "जरा ये रे!" मग ती सगळी गोष्ट, लिलाव, त्याग, सैनिक, आणि शेवटी, "दाखव ना जरा." भाऊ पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा. कस्टमर च्च च्च करायचा. काही सेल्फी घ्यायचे. एकाने तर विचारलं, दुखतं का हो, आणि उत्तर ऐकायच्या आत फोन उचलला. ज्या पायाने बरं दिसत नव्हतं, तोच आता गिऱ्हाइकांना दाखवायला बाहेर काढलेला. आणि खोटं कशाला सांगू, ऑर्डरी येत होत्या. माझ्याकडे सगळी बिलं येतात.

एके दिवशी जेवताना भाऊ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "ताई, गावाकडे शाल होती. इथे टाय आहे." मी म्हटलं, "मी बोलते ह्यांच्याशी." तो म्हणाला, "नको. माझं मी बघतो. तू फक्त माझी घरातली कुबडी ऑफिसात आणून ठेव. दाराच्या मागे." मी कारण विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच आईची मुलं.

दोन दिवसांनी ह्यांच्याकडे मोठं गिऱ्हाईक आलं, हॉटेलांच्या साखळीचा परचेस मॅनेजर. कॉफी आली, खजूर आले. सैनिक आले, त्याग आला. मी बाजूच्या टेबलावरून सगळं ऐकत होते. "दाखव ना जरा," हे म्हणाले.

भाऊ केबिनमधल्या खुर्चीवर शांतपणे बसला. पँट वर घेतली, पायाचा पट्टा सोडला, आणि पाय काढला. मोज्यासकट, बुटासकट. बूट काळा, चकचकीत पॉलिश केलेला, फौजेची सवय आहे त्याला. तो पाय त्याने ह्यांच्या काचेच्या टेबलावर, नंबर प्लेटच्या त्या प्रतिकृतीच्या शेजारी नीट उभा केला. म्हणाला, "दाजी, हा इथेच राहू दे. कुणी आलं की दाखवत जा. यासाठी मी पाहिजे असं काही नाही. मी गोडाऊनला चाललो, आज कंटेनर यायचाय."

दारामागची कुबडी घेतली आणि खट् खट् करत लिफ्टकडे गेला. परचेस मॅनेजरने हातातला खजूर परत बशीत ठेवला. मी टेबलावरून गाडीची चावी उचलली, त्याच धर्मादाय नंबरच्या गाडीची, आणि भावाच्या मागे धावले.

अल कूझला पोचलो तर कंटेनर दारात लागलेला. भाऊ एका रिकाम्या खोक्यावर बसला, टाय काढून खिशात घातला आणि माल उतरवणाऱ्यांना हाका मारायला लागला, "यल्ला, यल्ला, ते जड व्हॉल्व्ह आधी इकडे!" कुणी त्याला बसा म्हटलं नाही. कुणाला वेळच नव्हता. इतक्या महिन्यांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. मला रडू आलं, ते मी तिथल्या धुळीच्या नावावर घातलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते, कुजबुजत होते. "अगं, तो पाय टेबलावरच आहे! गिऱ्हाईक समोर बसलंय, एक शब्द बोलत नाही. काय करू मी याचं? त्याला म्हणावं गोडाऊनच्या नोकरीचं लेटर आजच देतो, पण हा घेऊन जा. कधी येतेस?"

मी भावाकडे बघितलं. तो कुबडीने खोक्यावर टकटक करत आकडा पुकारत होता.

"बघू," मी म्हटलं. "इन्शाल्ला."