लंडन ते अकोला, तीन दिवस

आई आता नाही, म्हणून लिहितो. ती असती तर लिहिलं नसतं.

एकोणीसशे साठच्या दशकात मी अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. वडील अकोल्याला अंथरुणावर. दर शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याला गाडी धरायची आणि सोमवारी पहिल्या तासाला पुन्हा वर्गात उभं राहायचं. अशी चार वर्षं. मध्ये मुंबईला चांगली जागा चालून आली होती, ती सोडली. कूस बदलून देणारा हात माझा, पण वडील नाव घ्यायचे थोरल्याचं. थोरला लंडनला. आईला अक्षर येत नव्हतं, त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो.

एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "बाबांचं काही कमीजास्त वाटलं तर लगेच तार कर. आता जेट विमानं आहेत. मुंबईहून पुढे एक रात्र गाडीत. दीड-दोन दिवसांत दारात उभा राहतो."

एवढं मी आईला वाचून दाखवलं नाही.

त्याच हिवाळ्यात वडील गेले. सकाळी अंगणात माणसं जमली. बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा, आईला धाकट्यानं, अशी आमच्याकडची रीत. काका म्हणाले, "बर्फाच्या लाद्या आणतो. थोरल्याले बापाचं तोंड तं पाहू द्या. मास्तर, इमानाले किती टाइम लागते?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. भूगोलाच्या मास्तराला ठाऊक नसेल तर कोणाला?

"तीन दिवस," मी म्हणालो. "जागोजागी थांबत येते ते."

जुन्या पंख्याच्या विमानांबद्दल कधीतरी वाचलेलं जिभेवर आलं. खरं काय ते मला माहीत होतं.

"हात्तीच्या!" शेजारचे म्हातारबुवा म्हणाले. "मंग आपली बैलबंडी काय वाईट?"

दोघंतिघं हसले. आईनं मात्र दोनदा विचारलं, "तीन रोज? पक्कं ना रे बाबू?"

"पक्कं, माय."

दुपारी पाण्याचं मडकं माझ्या खांद्यावर होतं. तार मी स्मशानातून परतल्यावर केली.

वडील गेल्यावर मला बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं. तरी मी त्याच शाळेत, त्याच शनिवारच्या गाडीत. आई आल्यागेल्याला सांगायची, "तीन रोज लागते बाप्पा, नाही तं थांबलो असतो." मी मान हलवायचो. वर्गात हवाई मार्गांचा धडा आला की पोरांना म्हणायचो, घरी वाचा.

पुढच्या वर्षी भाऊ आला. आई त्याचे पाय चेपत बसली. "तीन रोज बसून बसून पाय सुजले असतीन, बाबू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. वाटलं, आता ओरडेल. ओरडावं.

"हो माय," तो तिला म्हणाला. "लई लांब आहे."

आठ दिवस राहिला. त्या पत्राचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. निघताना त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलायच्या आत सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, पण तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"मायजवळ तू राहशीन ना? कायमचा?"

आजवर त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?