गैबीचाचाची जास्वंद

गैबीचाचाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं घडलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. साफ खोटं. घडलं ते माझ्यामुळं.

तो उचगावला आमच्या बागेत माळी होता. माझे वडील गणपतराव, म्हणजे आप्पा, गुळाचे अडते. पण पेढीपेक्षा त्यांचा जीव झाडांत. त्यांनी बंगळूरहून जास्वंदीची कलमं आणली होती. बशीएवढं पिवळंधमक फूल, पण आमच्या पावसात मुळं कुजून दोन वर्षांत झाड खलास. कुंपणावरची गावठी लाल जास्वंद मात्र उकिरड्यावर टाकली तरी जगायची. दोन्हींचा संकर करावा, फूल बंगळुरी आणि मूळ गावठी, असं आप्पांनी चौसष्ट साली मनावर घेतलं. ते इंग्रजी पुस्तकातून वाचून सांगायचे आणि हात चालायचे गैबीचाचाचे.

उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हलक्या हातानं उघडायची, आतले पराग चिमट्यानं काढून टाकायचे आणि वर कापडाची पिशवी घालायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिच्या टोकाच्या पाच ठिपक्यांना लावायचे. कोणाचा कोणाशी संकर केला ते शिकलेले लोक चिठ्ठीवर लिहून देठाला बांधतात. चाचा दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे आई गावठी, त्यात पिवळा पिळला की बाप बंगळुरी. बी रुजलं की तोच दोरा रोपाच्या बुंध्याला. शंभरातली पंच्याण्णव फुलं गळायची. बोंड धरलंच तर बी पोकळ, आणि रुजलंच तर रोप मरायचं.

"गैबी, सोयरीक काय जुळंना बघ," आप्पा चिडवायचे.

"नवरा तालेवाराचा, नवरी गावंढी. येळ लागायचाच की, आप्पा."

आप्पा एकाहत्तर साली गेले. चाचानं संकर एकट्यानं चालू ठेवला, पण त्या दोऱ्यांचा अर्थ कळणारं दुसरं कोणी घरात उरलं नाही. मला तर त्या बागेचा कंटाळाच होता.

माझं लग्न झालं. शालूचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होती. समाचाराला आलेल्या शेजारच्या तानाबाईनं जाताना बागेतले दोरे पाहिले आणि ती माझ्या आईला म्हणाली, "बनाक्का, ह्या कळ्या बांधल्यात न्हवं! पोट फाडून आतलं काढून घेतोय त्यो. कळी बांधली की घरातली कूस बांधली जाती. करणी हाय ही."

चाचानं वाढवलेल्या झाडांची फुलं आई रोज देवाला वाहायची. ते सगळं ती एका दुपारीत विसरली. माणूस मुसलमान, मुकाट्यानं काम करणारा आणि दोरे बांधणारा. संशयाला एवढं पुष्कळ झालं.

मी बी.कॉम. झालेला. हे खूळ आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी चाचा बहिणीच्या मयतीला मिरजेला गेला होता. जाताना त्यानं मला बागेत नेलं.

"सयाजीराव, कोपऱ्यातल्या ह्या कुंडीला तेवढं पाणी घाला. अकरा वर्सांत पयल्यांदा रोपानं कळी धरलीया. दोन पावसाळं काढल्यात, मूळ पक्कं हाय. आठवड्यात उमलंल."

"पिवळीच येणार ना?"

"आईबाप बघून लेकराचा रंग सांगता येत न्हाय. उमलंल तवा कळंल."

एवढं ऐकलेला माणूस मी. आई म्हणाली, "जाळून टाक." मी नको म्हणू शकलो असतो. पण दोन मुलं गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता आणि देवावर काढायची छाती नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी. एकूण एक जास्वंद मी उपटली. कोपऱ्यातली कुंडी फोडली. कळी हिरवी, घट्ट मिटलेली होती. रॉकेल मीच ओतलं.

तिसऱ्या दिवशी चाचा परतला. राखेजवळ उभा राहिला. तो शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो.

"दोरं वंगाळ दिसलं व्हय?" त्यानं एवढंच विचारलं. खुरपं भिंतीला टेकवून तो निघून गेला.

पुढच्या वर्षी शालूचं तिसरं मूल गेलं. बागेत तेव्हा एकही दोरा नव्हता. आई म्हणाली, राख मातीत राहिली असंल. त्या दिवशी मला तिची आणि तिच्याहून जास्त माझी शिसारी आली.

चाचा एका लाकडाच्या वखारीत राखणीला बसायचा, तिथं गेलो. त्यानं आधी शालूची चौकशी केली आणि मला रडू फुटलं. त्यानं चहा मागवला.

"चाचा, चुकलो. परत चला. कलमं आणतो, पुन्हा सुरू करू."

"आता सुई ववता येत न्हाय मला. पराग कुठनं दिसायचं?"

मी मूर्खासारखं विचारलं, "त्या कळीचा रंग काय निघाला असता हो, चाचा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"मला काय ठावं? उमलू दिली न्हाईसा की तुमी."