जित्याचा खडा

लंडनच्या प्रकाशकाला माझ्या कादंबरीच्या शेवटी एक चिता हवी होती. मी ती दिली नाही. या ओढाताणीत माझे केस पिकले आणि कादंबरी ट्रंकेतच राहिली.

माझा पेशा माणसांची नातीगोती आणि रीतिभाती अभ्यासण्याचा. विलायतेत शिकवायचं, सुट्टीत बोटीनं इकडे यायचं, लोणावळ्याला स्टेशनामागे खोली घ्यायची, मावळातल्या गावांतून हिंडायचं आणि उरल्या वेळात इंग्रजीत गोष्टी लिहायच्या. तिकडचे पंडित म्हणत, याच्या निबंधांना गोष्टींचा वास येतो. गोष्टी वाचणारे म्हणत, याच्या गोष्टींना निबंधांचा. ना घरचा ना घाटचा, त्यातून मुक्काम घाटाच्या तोंडाशी! या येरझाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आला होता, पण दुसरं काही येतही नव्हतं.

कामशेतला उतरून पायी गेलं की वडिवळे. तिथे कागद काढला की माणसं उठून जात. कागदावर नाव गेलं की माणूस पलटणीत जातो, हे त्यांनी पहिल्या लढाईत पाहिलं होतं. म्हणून मी नाती अंगणातच मांडायचो. पुरुषाला नदीतला खडा, बाईला हिरडा आणि मेलेल्या कुणालाही कोळसा. बघायला सगळी आळी जमे. "आबांच्या दोन्ही बायका मांडा की, एकच का?" अशी थट्टाही चाले.

एका घरी धाकट्या भावाच्या जागी मी कोळसा ठेवला. तो लढाईत बसऱ्याकडे गेला होता. परत आला नव्हता आणि मेल्याची खबरही नव्हती. थोरला भाऊ म्हणाला, "बराबर हाय, कोळसाच ठिवा." तेवढ्यात त्या धाकट्याची बायको चुलीपासून उठून आली. तिनं कोळसा उचलून उकिरड्यावर भिरकावला आणि तिथे एक खडा ठेवला, काळा, पांढऱ्या रेघेचा.

"त्ये जिते हायती, भाऊ," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हतीच.

मांडणी आवरताना तिनं तो खडा माझ्याच पिशवीत टाकला. "तुमी पानी वलांडून जाताया. ऱ्हाऊ द्या तुमच्यासंगं. पडंल गाठ कुटं तरी." तेव्हापासून तो खडा माझ्याबरोबर बोटीनं जाऊ-येऊ लागला. दर वर्षी मी अंगणात पाय ठेवला की तिचा पहिला सवाल ठरलेला, "आनला न्हवं?"

बारा वर्षं माणसाची खबर नसली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग बायको कुंकू पुसते. बारा वर्षं सरली तेव्हा दिरानं विषय काढला आणि ती वाघिणीसारखी अंगावर गेली. मी तिचीच गोष्ट लिहीत होतो, आणि हा पुतळ्याचा रिवाज मी जेवता जेवता प्रकाशकाला सांगून बसलो. झालं! शेवटी तो पुतळा जळू द्या, लगेच छापतो, असं त्यानं धरून ठेवलं. पुस्तक मला हवं होतं, फार हवं होतं. पण पुढच्या सुट्टीत हे माझ्याच तोंडून तिला कळलं आणि ती म्हणाली, "भाऊ, तितं त्यास्नी जितंच लिवा." त्यानंतर मी तो शेवट लिहायला कधी बसलोच नाही.

मग दुसरी लढाई आली आणि कैक वर्षं येणं झालं नाही. लढाई संपल्यावर आलो तेव्हा कामशेतहून चालताना गुडघे बोलत होते. दीर वारला होता. ती वाकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कुंकू मात्र तसंच ठसठशीत. या वेळी तिनं खड्याचं विचारलं नाही. मी मांडायला बसलो तशी ती आत गेली, चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आली आणि नवऱ्याच्या जागी ठेवला.

"आक्का, हे काय?"

"दमले, भाऊ." ती खाली बसली. "सवाष्ण मेले तर समदी म्हनतील, लय भाग्याची. पन मी गेल्यावं त्येंचं कोन करनार? पुतनं मुंबैला, गिरनीत. त्यास्नी ह्येंचं तोंड बी ठावं न्हाई. पुतळ्यामागं रडाया कुनी तरी नगं का?"

डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

"आता तुमी बी लिवा," ती म्हणाली. "तुमचं बी आडून ऱ्हायलंय."

मी पिशवीतून तो काळा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो चाचपला, रेघेवरून अंगठा फिरवला. मयताच्या दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव एका दगडात राहतो असं मानतात. त्याला जीवखडा म्हणतात.

"जीवखडा ह्योच घेते," म्हणत तिनं तो पदराच्या गाठीत बांधला. गाठ मारता मारता तिचे हात थांबले.

"भाऊ, कुटं गाठ पडली हुती का वं त्येंची?"

इतक्या वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही, आक्का."

"न्हाई ना?" ती माझ्या खांद्याला धरून उठली. "मग चला, पळसाची पानं आनाया."